दोन राजांची खूण

पाम्प्लोना, ९ ऑक्टोबर

प्रिय सातुरकाका,

तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून हे पत्र. जन्मभर या वस्तीत पत्रं वाटलेला माणूस आलेलं पाकीट न उघडता फेकणार नाही, याची मला खात्री आहे. अक्षर ओळखून तुम्ही आधी गुरगुराल, मग चष्मा शोधाल. शर्टाच्या खिशात बघा.

मी लिहितेय हे बाबांना माहीत नाही.

तुम्ही मुलीकडे आलिकान्तेला निघून गेलात तेव्हापासून आमच्या बारमध्ये त्या रविवारच्या पत्त्यांच्या सामन्याबद्दल कोणी बोलत नाही. म्हणजे सगळे त्याबद्दलच बोलतात, फक्त बाबा आत स्वयंपाकघरात गेले की. मार्सिआल आणि तेओ यांनी तुम्हाला आणि बाबांना हरवून जिंकलेलं हॅम अजून छताला तसंच टांगलेलं आहे. तेओ म्हणतात, "हरलेला माणूस समोर बसून जळत नसेल तर खाण्यात काय मजा?" मार्सिआल म्हणतात, कापायला सुरी धारदार नाही. सुरी मी स्वतः धार लावून आणून दिली. मग म्हणाले, आज पोट ठीक नाही.

तुमची खुर्ची जागेवर आहे. भिंतीकडे पाठ, बाबांच्या समोर. परवा एक परका माणूस तिच्यावर बसायला लागला तर तेओंनी त्याला सांगितलं, "साहेब, तिचा पाय मोडका आहे." तो बिचारा शेजारच्या खुर्चीवर बसला आणि तिचा पाय खरोखरच मोडला.

बाबा आता मूस खेळत नाहीत. विचारलं तर म्हणतात, "कंटाळा आला. चाळीस पत्ते, तेच ते चार राजे." ज्या माणसाने माझ्या बारशाला जाताना खिशात पत्ते घेतले होते तो हे म्हणतो! टेबलावरचं हिरवं कापड त्यांनी चर्चच्या सेलमध्ये देऊन टाकलं. मी ते परत विकत आणलंय आणि माझ्या पलंगाखाली ठेवलंय.

त्या रविवारी ते तुम्हाला सगळ्यांसमोर "खोटी खूण केलीस" म्हणाले. मूस खेळणाऱ्याला याहून मोठी शिवी नाही, हे मला कळतं. तुम्हीच तर शिकवलंत. माझ्या पहिल्या कम्युनियनच्या दिवशी, मी पांढऱ्या फ्रॉकमध्ये, तुम्ही टायमध्ये गुदमरलेले. "पोरी, पैज लावताना तोंडाने हवी तेवढी थाप मार. हातात कचरा असला तरी सिंहासारखी गर्ज. पण जोडीदाराला चेहऱ्याने खूण करशील ती खरीच. दोन राजे असतील तर खालचा ओठ चाव. काहीच नसेल तर डोळे मीट. चेहऱ्याने खोटं बोलणाऱ्याला या टेबलावर जागा नाही." आई म्हणाली, "सातुर, आज तरी तिला पत्ते शिकवू नका." तुम्ही म्हणालात, "मिलाग्रोस, हे पत्ते नाहीत, हे धर्मशिक्षणच आहे."

त्यामुळे तुम्ही का उठून गेलात हे मी समजू शकते. पण तुम्ही परत यावं असं मला वाटतं. तुम्ही दोघं समोरासमोर बसून मोकळेपणाने बोललात तर हे मिटेल. मी हे बाबांना सांगितलं तर म्हणाले, "यासाठी विद्यापीठात पाठवलं होतं तुला?"

माझी नोकरी सुरू झाली आहे, वस्तीच्या ज्येष्ठ नागरिक केंद्रात. मी 'मनमोकळं' नावाचा एक उपक्रम सुरू केला. खुर्च्या गोलात मांडल्या, फुलं ठेवली. एकही ज्येष्ठ आला नाही, कारण वस्तीतले सगळे ज्येष्ठ आमच्याच बारमध्ये बसलेले असतात.

आणि हो, बाबांनी भिंतीला रंग दिला आणि माझं पदवीचं प्रमाणपत्र पुन्हा टांगलं, हॅमशेजारीच. उलटं. मी काही बोलले नाही. दुसरंही कोणी बोललं नाही. मार्सिआल मान वाकडी करून वाचतात आणि म्हणतात, "फारच उच्च शिक्षण दिसतंय."

गेल्या आठवड्यात बाबांना घेऊन इस्पितळात गेले होते. काही विशेष नाही.

तुमची,
इराचे

*

पाम्प्लोना, २ नोव्हेंबर

प्रिय सातुरकाका,

तुमचं कार्ड मिळालं. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला तुमचं एकच वाक्य: "समुद्र आहे तिथेच आहे. समोरच्या दुकानात नमस्कार सांग." मी ते बारा वेळा तरी वाचलं असेल. इतकी वर्षं दुसऱ्यांची मोठमोठी पत्रं पोचवून तुमच्या स्वतःच्या वाट्याला एवढेच शब्द उरले का?

समोरच्या दुकानात नमस्कार सांगितला. एन्कार्नाबाईंनी एका हातात कोंबडी धरलेली होती, ती तशीच धरून त्या थोडा वेळ थांबल्या. मग म्हणाल्या, "त्याला म्हणावं, अंडी अजून ताजीच मिळतात."

आज पितरांचा दिवस. सकाळी बाबा आणि मी आईच्या कबरीवर फुलं ठेवून आलो. बाबांनी फुलं ठेवली, हात जोडले, आईशी दोन शब्द बोलले. फक्त कबर शेजारची होती. मी त्यांना हळूच दंडाला धरून सरकवलं. ते म्हणाले, "शेजाऱ्यांशीही बोलावं माणसानं."

बारमध्ये एक नवीनच प्रकरण सुरू झालंय. ते तुम्हाला कळवावं की नाही याचा मी विचार केला, पण तुम्हाला दुसरीकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. सगळ्यांचं म्हणणं असं, की बाबा एन्कार्नाबाईंवर भाळले आहेत. कारण ते त्यांच्याकडे तिरक्या नजरेनं बघतात. मान थोडी वळवून, डोळ्यांच्या कोपऱ्यातून, बराच वेळ. तेओ म्हणतात, त्यांच्या तरुणपणी अशा नजरेवर दोन गावांत मारामाऱ्या झाल्या होत्या. मार्सिआल म्हणतात, "विधुर माणूस, विधवा बाई, मधे फक्त रस्ता. मी जन्मभर बस चालवली, एवढं अंतर काहीच नाही."

एन्कार्नाबाईंनी केस रंगवून घेतले. तांबूस. छान दिसतात. आता त्या दुपारी दुकान बंद केलं की टेबलाशी नाही बसत, बारच्या कडेला उभ्या राहून वर्मूथ घेतात. बाबा ग्लासच्या कडेवर बोट ठेवून ओततात, ओलं होईपर्यंत. तेओ म्हणतात, ही प्रेमाची लक्षणं. काल बाबांनी कोट टांगायच्या खांबाला "या फादर, बसा" म्हटलं, तेव्हाही तेओंनी हेच निदान केलं.

मला तुम्हाला काहीतरी सांगायचं आहे आणि सांगता येत नाही. मी बाबांना आईच्या नावाने शब्द दिला आहे. शब्द देताना मला तो बरोबर वाटला होता. आता मी रोज रात्री त्याच्याशी भांडते. माणसाने खरं बोलावं असं मी मानते आणि दिलेला शब्द पाळावा असंही मानते, आणि ही दोन्ही माणसं एकाच खोलीत राहायला तयार नाहीत.

परत या ना.

इराचे

*

पाम्प्लोना, २१ नोव्हेंबर

प्रिय सातुरकाका,

"फेर्मिनचं अभिनंदन. लग्नाचं आमंत्रण पाठवू नका."

हे तुमचं कार्ड मी एप्रनच्या खिशात घेऊन दिवसभर फिरले. तुम्ही इतकी वर्षं रोज एकच अंडं विकत घ्यायला का जायचात, ते मला आत्ता कळलं. डझनाचा खोका घरी नेला असतात तर बारा दिवस जायला कारण उरलं नसतं. मी समाजकार्य शिकले, माणसं ओळखायचं शिक्षण घेतलं, आणि रस्त्याच्या पलीकडचं दिसलं नाही.

काका, बाबांचं लग्न नाही. असं काही नाही. आता मी जे झालं ते झालं तसं लिहिते. त्यात माझं मत एकही घालणार नाही.

परवा मी माझा 'मनमोकळं' कार्यक्रम बारमध्ये घेतला. ज्येष्ठ केंद्रात येत नाहीत तर केंद्रच ज्येष्ठांकडे जावं, असा माझा विचार होता. मी म्हटलं, प्रत्येकाने मनात असलेली एक गोष्ट सांगायची. मार्सिआलनी सांगितलं की मागच्या महिन्यापासून बटाट्याच्या ऑम्लेटमध्ये कधी मीठ नसतं तर कधी दुप्पट असतं. तेओंनी सांगितलं की कोणीतरी हसावं म्हणून त्यांनी स्वतःच आपली कवळी मुद्दाम ग्लासात टाकली होती. मग एन्कार्नाबाई उठल्या. ग्लास ठेवला, तांबूस केस मागे सारले आणि थेट बाबांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"फेर्मिन, हे बघ. माझं वय चोरून बघण्याचं राहिलं नाही. एक तर माझ्याकडे सरळ बघ, नाहीतर बघूच नकोस."

बाबा ग्लास पुसत होते. थांबले. त्यांनी मान सरळ केली, तोंड बरोबर एन्कार्नाबाईंच्या चेहऱ्याकडे केलं आणि म्हणाले,

"सरळ बघितलं की तू दिसत नाहीस."

तेओंनी टोपी काढली. मार्सिआल म्हणाले, "आई गं! असं बोलणं मला जमलं असतं तर माझी बायको जर्मनीला गेली नसती." एन्कार्नाबाईंचा चेहरा केसांच्या रंगाचा झाला. त्या तडक दुकानात गेल्या आणि दुसऱ्या दिवशी वर्मूथला आल्या नाहीत. आज आल्या. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "पोरी, तुझा बाप चांगला माणूस आहे, पण मी ज्याची वाट बघतेय तो समुद्र मोजत बसलाय. हे तुझ्या बापाला कसं सांगू?" हे तुम्हाला कळवायची परवानगी मी त्यांच्याकडून घेतली आहे. "कळव," म्हणाल्या, "पण मी सांगितलं म्हणून नको." म्हणून मी असं लिहिते, की मला वाऱ्यावरून कळलं.

बाबा टीव्हीकडेही तिरके बघतात. घड्याळाकडेही. काल बघितलं, आईच्या फोटोकडेही.

आणि एक. त्या रविवारी मी काउंटरमागे उभी होते, बाबांच्या पाठीशी. तुम्ही माझ्या समोर होता. बाबांनी 'ओर्दागो' म्हणून सगळा डाव पणाला लावला, त्याच्या आधी तुम्ही डोळे मिटलेत. चांगले घट्ट. काही नाही, ही खूण. मी पाहिलं. मार्सिआलनी पाहिलं, म्हणून तर त्यांनी लगेच 'कबूल' म्हटलं. बाबा नंतर शपथेवर सांगत होते की तुम्ही ओठ चावलात, दोन राजे दाखवलेत. तुम्ही त्यांच्यापासून एका टेबलाच्या अंतरावर होतात, आणि बाबांनी आयुष्यात कधी खोटी शपथ घेतलेली नाही.

मी काहीही सांगितलेलं नाही, काका. मी फक्त सगळ्यांदेखत झालं ते लिहिलं.

इराचे

*

पाम्प्लोना, ९ डिसेंबर

प्रिय सातुरकाका,

यावेळी कार्डावर समुद्र नव्हता. पोस्टातलं साधं पांढरं कार्ड. आणि तुमचा प्रश्न: "कधीपासून? आणि बरं होणारं आहे का?"

तुम्ही काय विचारताय ते मला माहीत नाही, असं मला लिहायला हवं. तोंडाने थाप चालते असं तुम्हीच म्हणाला होतात. पण हे पत्र मी बाबांच्या टेबलाशी बसून लिहितेय, तुमच्या रिकाम्या खुर्चीसमोर. तुम्ही तिथे बसलेले असतात आणि तोच प्रश्न विचारला असतात, तर मी काही बोलले नसते. फक्त डोळे मिटले असते. घट्ट.

बाबा आत कांदा चिरतायत. बोटांच्या सवयीने. गाणं म्हणतायत. माणसाचे हात आपली जागा विसरत नाहीत. कडेकडेचं सगळं त्यांना सापडतं: दार, पायरी, बाटल्या. सापडत नाही ते बरोबर समोरचं. समोर कोणाचं तोंड असेल तर तेच.

ते तुम्हाला कधी बोलावणार नाहीत. त्यांना वाटतं, कळलं तर सगळे त्यांच्याशी हळू आवाजात बोलतील.

इराचे

*

पाम्प्लोना, ७ जानेवारी

प्रिय सातुरकाका,

सकाळी तुमची बस सुटली आणि बारची फरशी पुसून होताच मी लिहायला बसले. तुम्ही तिकडचं सामान बांधून परत निघायच्या आत हे पत्र तुमच्या मुलीकडे पोचलं पाहिजे. तुमचा विश्वास नसेल तर पोस्टाला विचारा. काल तुम्ही इथेच होतात, तरी काही गोष्टी तुम्हाला दिसल्या नाहीत. तुम्ही चुकीच्या बाजूला बसला होतात.

तुम्ही दारात आलात तेव्हा बाबा पाठमोरे होते, बाळ येशूला भेटलेल्या तीन राजांच्या सणाचा केक कापत होते. तुम्ही पायपुसण्यावर बूट झाडलेत, नेहमीसारखे, दोनदा उजवा आणि एकदा डावा. बाबांनी वळून बघितलं नाही. सुरी ठेवली, फळीवरून तुमचा ग्लास काढला, आणि कोणी काही बोलायच्या आत तो भरलेला होता. त्यात बोट न घालता. मी बघत होते. एक थेंब सांडला नाही.

मग तुम्ही म्हणालात, "फेर्मिन, पत्ते काढ."

"मी खेळत नाही."

"का?"

"कंटाळा आला."

"हे तोंडाने झालं," तुम्ही म्हणालात आणि आपल्या खुर्चीवर बसलात. "मी इतक्या लांबून थाप ऐकायला आलो नाही."

बाबा बराच वेळ फडक्याने एक रिकामा ग्लास पुसत होते. तुम्हाला त्यांची पाठ दिसत होती, मला हात दिसत होते. मग ते येऊन तुमच्या समोर बसले.

"तुझं तोंड दिसत नाही मला, सातुर. मधोमध सगळं पुसलंय. कोणाचंच दिसत नाही."

मला वाटलं, आता सगळे हळू आवाजात बोलायला लागतील. आणि तेओ म्हणाले, "नशीबवान आहेस लेका. आम्हाला ते रोज बघावं लागत होतं."

बाबा हसले, तेव्हा तुम्ही खाली मान घालून चष्मा पुसत होता. म्हणून सांगते. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मी वर जाऊन पलंगाखालचं हिरवं कापड आणलं. त्यांनी ते तळहाताने चाचपलं आणि माझ्याकडे तोंड करून म्हणाले, "चर्चमध्ये चोरी केलीस?"

पुढचं तुम्हाला माहीतच आहे, पण मला लिहायला आवडतंय. मार्सिआलचा आक्षेप: खूण चेहऱ्याने करायची असते, तोंडाने बोलून दाखवणं नियमात नाही. तुमचं उत्तर: मग नियमाने फेर्मिनला माझं तोंड आणून द्यावं. शेवटी एन्कार्नाबाईंना पंच केलं. त्यांनी हातातलं वर्मूथ संपवलं आणि निकाल दिला: सातुर आपली खूण मोठ्याने सांगेल; खरीच सांगेल; आणि ती मार्सिआल-तेओंनाही ऐकू जाणार, याला इलाज नाही.

"फेर्मिन, दोन राजे!" तुम्ही ओरडलात. पलीकडच्या फुटपाथवर एक बाई थबकली.

"कळलं. आता सगळ्या वस्तीला कळलं."

"फेर्मिन, माझ्याकडे काही नाही!"

"ते मला तुझ्या लग्नापासून माहीत आहे."

तुम्ही सगळे डाव हरलात. इतकं सोपं जिंकून तेओंना लाज वाटायला लागली, त्यांनी हातातला राजा लपवून वाईट पत्ता टाकला, तर एन्कार्नाबाई कडाडल्या, "तेओ, दयामाया केलीस तर अंडी बंद!" शेवटच्या डावात तुम्हाला मोठ्याने बोलायची इतकी सवय झाली होती, की तुम्ही म्हणालात, "फेर्मिन, दोन एक्के, आणि एन्कार्नाचे केस छान दिसतायत." डाव थांबला. एन्कार्नाबाईंनी विचारलं, "ही खूण खरी आहे ना?" तुम्ही म्हणालात, "मी खोटी करत नाही." मग मार्सिआल उठले आणि त्यांनी छताचं हॅम खाली काढलं. सुरी छान चालली. मी तिला ऑक्टोबरात धार लावली होती.

आता तुम्हाला न दिसलेलं.

आज सकाळी तुम्हाला बसवर सोडून आम्ही परत आलो. बाबांनी बार उघडला आणि आपल्या खुर्चीवर बसले. मी फरशी पुसत होते.

"इराचे, तो मोठ्याने दोन राजे म्हणायचा, तेव्हा ओठही चावायचा का?"

मी सांगितलं, हो. प्रत्येक वेळी आधी ओठ चावायचे, मग ओरडायचे. मी त्यांच्या समोरच उभी होते.

"मला दिसत नाही हे माहीत असूनही?"

"हो."

बाबांनी खुर्ची टेबलाजवळ ओढली. मग म्हणाले, "आणि त्या रविवारी? त्यानं डोळे मिटले होते ना?"

"हो, बाबा. घट्ट."

"हं." त्यांनी हिरव्या कापडावरची सुरकुती काढली. "तुझं त्याला पत्र जातच असेल. मला काय आंधळा समजतेस? तर त्याला लिही, की ओर्दागो बरोबरच होता. त्याच्याकडे राजे असायला हवे होते. नव्हते ही चूक त्याची. आणि माझ्या पोरीचं प्रमाणपत्र उलटं आहे हे सगळ्यांना दिसत होतं आणि कोणी बोललं नाही, ही चूक तुम्हा सगळ्यांची."

हे त्यांनी तोंडाने सांगितलं, ते मी जसंच्या तसं लिहिलं.

मग मी बादली रिकामी करायला मागच्या अंगणात गेले. परत येताना दारातच थांबले. त्यांना वाटलं असावं की मी अजून बाहेर आहे. ते तुमच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होते, तिरके नाही, सरळ, जिथे तुमचं तोंड असतं बरोबर तिथे. आणि हळूच त्यांनी खालचा ओठ चावला.

तुमची,
इराचे